पट्ट्यांचा हिशेब ठेवणारं यंत्र

२०२२च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि त्यांनी ४ कोटी ७० लाख ८१ हजार ८८१ फोटो काढले. त्यातले वाघाचे किती? ९७,३९९. हजारात जेमतेम दोन. बाकी चितळ, रानडुकरं, अस्वलं, मोहफुलं वेचायला निघालेल्या बाया, सायकलवरचा वनमजूर, कॅमेऱ्यावर चढू पाहणारी वानरं आणि वाऱ्याने हललेलं गवत. आधीची, २०१८ची गणनाही अशीच होती: ३ कोटी ४८ लाखांवर फोटो आणि त्यात वाघाचे ७६,६५१. त्या गणनेची गिनेस बुकात नोंद झाली. आकडा मोठा असला की बक्षीस मिळतं. तो ज्या यंत्रावर ठेवायचा त्याची चर्चा मात्र निविदेच्या कागदापलीकडे फारशी जात नाही.

ही चर्चा चंद्रपूर-गडचिरोलीत करायला हवी, कारण राज्यातले सर्वाधिक वाघ याच पट्ट्यात आहेत. २०१४मध्ये महाराष्ट्रात १९० वाघ होते, २०१८मध्ये ३१२ झाले आणि २०२२मध्ये ४४४. ताडोबा-अंधारीचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा, त्याभोवतीचं बफर क्षेत्र सुमारे ११०० चौरस किलोमीटरचं. त्यापलीकडे ब्रह्मपुरी आणि मध्य चांदा वनविभाग, वैनगंगा ओलांडली की वडसा. हे सगळे वाघ वन्यजीव विभागाच्या हद्दी वाचून फिरत नाहीत. २०२३मध्ये ओडिशातल्या महेंद्रगिरीच्या डोंगरात एक अनोळखी वाघ दिसला, तेव्हा त्याच्या पट्ट्यांची जुळणी ब्रह्मपुरीकडच्या एका वाघाशी झाली. इकडचा जुना फोटो कुठल्या तरी साठ्यात नीट ठेवलेला होता आणि शोधल्यावर सापडला, म्हणून हे कळलं.

फोटो नव्हते तेव्हाही साठा होताच, प्लास्टर ऑफ पॅरिसचा. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६०च्या दशकात पगमार्कची पद्धत बसवली. (खैरी नावाची वाघीण घरात वाढवणारे ते हेच.) मागच्या डाव्या पंजाचा ठसा शोधायचा, काचेवर त्याची रेघ उमटवायची, साचा काढायचा, आणि जाणकाराने सांगायचं की हा कालचाच वाघ की दुसरा. या पद्धतीत जाणकाराचं मत तपासून पाहायची सोय नव्हती. राजस्थानातल्या सारिस्कात २००४च्या कागदावर सोळा ते अठरा वाघ होते, २००५मध्ये जंगलात एकही नव्हता. त्यानंतर व्याघ्र कृती दल बसलं, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं आणि २००६पासून गणना कॅमेऱ्यावर गेली. उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत नव्वदच्या दशकात हेच करून दाखवलं होतं. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, आणि एकाच वाघाची डावी बाजू उजवीसारखी नसते, म्हणून एका ठिकाणी समोरासमोर दोन कॅमेरे लावायचे.

मोजणी कॅमेऱ्यावर गेली आणि तिचं ओझं कपाटातून सर्व्हरच्या खोलीत आलं. एका विभागाचं उदाहरण धरू, कल्पित पण इथल्याच आकाराचं. त्याचा डेटाबेस आठ-दहा वर्षांपूर्वी कुणीतरी मायसीक्वेलवर बांधून दिला. यंत्र आता म्हातारं झालं आहे. वाघ दिसला त्या जागेपासून गावाची शीव किती लांब, नाला कुठे, रस्ता कुठे, अशी नकाशाची विचारणा वाढली, म्हणून पोस्टग्रेस आणि त्याच्यावर बसणाऱ्या पोस्टजीआयएसकडे जायचं ठरलं. हा रस्ता मळलेला आहे. जगभरच्या स्वयंसेवकांनी उभा केलेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा २००९च्या एप्रिलमध्ये याच वाटेने, मायसीक्वेल सोडून पोस्टग्रेसवर गेला. (त्यांच्या सर्व्हरांना ड्रॅगनची नावं असतात. आपल्याकडे सर्व्हरला मालमत्ता क्रमांक असतो.) उलट दिशेनेही लोक गेले आहेत: उबरने २०१६मध्ये पोस्टग्रेस सोडून मायसीक्वेल का धरलं याची कारणं जाहीरपणे मांडली होती. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर असू शकतात. कुठला डेटाबेस चांगला, या वादात मला रस नाही. नवा डेटाबेस ठरल्यावर त्याच्याखाली कुठलं यंत्र ठेवायचं आणि त्याचे खिट्टे, म्हणजे सेटिंगं, कसे फिरवायचे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे पैसे वाया जातात आणि तिथेच घात होतो.

अशा वेळी मागणीपत्रात साधारणपणे काय लिहिलं जातं? साठा फार, म्हणून मोठा सर्व्हर: दोन प्रोसेसर, चौसष्ट कोअर, भरपूर डिस्का, सगळं एकाच पेटीत. ही यादी लिहिणाऱ्याने वर्षभराची सरासरी धरलेली असते. यंत्र निवडताना बघावा तो वर्षातला सगळ्यात वाईट तास.

इथला तो तास कसा असतो हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. राजुरा परिसरातला आरटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२०मध्ये जेरबंद झाला, तोवर त्याने आठ माणसं मारली होती. वडशाकडचा सीटी-१ ऑक्टोबर २०२२मध्ये पकडला, तेरा बळींनंतर. माणूस गेला की गाव रस्त्यावर येतं आणि प्रश्न एकच असतो, कुठला वाघ? प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीनुसारही आधी त्या प्राण्याची ओळख पटवावी लागते. घटनास्थळाभोवती कॅमेरे लागतात, रात्री फोटो येतात आणि सकाळपर्यंत कुणीतरी सांगायचं असतं की गेल्या दोन वर्षांत या जागेच्या दहा किलोमीटरच्या आत कुठकुठले वाघ दिसले, कोण शेवटचं कधी दिसलं, कुणाबरोबर पिल्लं होती. चुकीचा वाघ पकडला तर एक निरपराध जनावर पिंजऱ्यात जातं आणि खरा जंगलातच राहतो. बहुधा हा तास येतो तोही मोहफुलांच्या किंवा तेंदूपत्त्याच्या दिवसांत, म्हणजे मार्च ते मे, जेव्हा माणसं पहाटेच जंगलात असतात. चंद्रपूरचा पारा तेव्हा ४५च्या पुढे असतो, काही वर्षी ४७ ओलांडतो. कॅमेऱ्यांची मेमरी कार्डं बीटावरून कार्यालयात येण्याचा हंगामही तोच. आणि वीज जाते तीही तेव्हाच. शेजारी ऊर्जानगरला २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र उभं आहे हे खरं, पण वीज तयार होणं आणि तालुक्याच्या फीडरवर टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणजे यंत्राला एकाच वेळी उकाडा, खंडित वीज, नव्या नोंदींचा लोंढा आणि तातडीचा शोध, हे सगळं झेपलं पाहिजे. आता साठ्याचा आकार मोजू.

२०२२च्या गणनेत एका ठिकाणामागे सरासरी १,४४५ फोटो पडतात. दर दोन चौरस किलोमीटरला एक जागा धरली तर ताडोबाच्या गाभा-बफरमध्ये मिळून सुमारे साडेआठशे जागा होतील, आणि हंगामाला बारा लाखांच्या आसपास फोटो. फोटो दोन एमबीचा धरा, तर अडीच टेराबाइट. आता प्रत्येक फोटोची नोंद बघा: कॅमेऱ्याचा क्रमांक, वेळ, जागा, प्राणी, ओळख पटली असेल तर वाघाचा क्रमांक, फाइल कुठे आहे त्याचा पत्ता. इंडेक्स धरून ओळीला पाचशे बाइट पुष्कळ झाले. बारा लाख ओळींचे होतात सहाशे एमबी. दहा हंगामांचे सहा जीबी. सगळ्या देशाच्या पावणेपाच कोटी फोटोंच्या नोंदीसुद्धा पंचवीस जीबीच्या आत बसतील, फोटो मात्र चौऱ्याण्णव टेराबाइट होतील.

या एका हिशेबाने मागणीपत्र बदलतं. फोटो एकदा लिहायचे आणि क्वचित उघडायचे असतात. त्यांना स्वस्त, मोठ्या, फिरत्या हार्ड डिस्का चालतात. नोंदी लहान असतात, पण त्यांच्यात सतत शोधाशोध आणि दुरुस्ती होते. त्यांना वेगवान एसएसडी आणि पुरेशी मेमरी हवी, आणि ती फारशी महाग पडत नाही. फोटो डेटाबेसच्या आतच कोंबायचा मोह अनेकांना होतो, सगळं एकत्र राहतं म्हणून. मग रोजची बॅकअप प्रत काही मिनिटांऐवजी रात्रभर चालते आणि कंटाळून कुणीतरी ती बंद करतं. फोटो फाइल म्हणून बाहेर ठेवावा. डेटाबेसात त्याचा पत्ता आणि त्याच्या मजकुरावरून काढलेला चेकसम असावा, म्हणजे पाच वर्षांनी फाइल बदलली किंवा सडली तर कळेल.

चौसष्ट कोअरही लागत नाहीत. पोस्टग्रेस एक विचारणा मुख्यतः एका प्रक्रियेत सोडवतं. २०१६पासून काही कामं वाटून घेता येतात, पण वीस-पंचवीस माणसांच्या कार्यालयात कोअरच्या संख्येपेक्षा एकेका कोअरचा वेग जास्त कामाचा. प्राणी ओळखणारं सॉफ्टवेअर चालवायचं असेल तर त्याला ग्राफिक्स कार्डाचं वेगळं यंत्र द्यावं. पट्टे जुळवणारा प्रोग्राम आणि डेटाबेस एकाच पेटीत ठेवले, तर तातडीच्या सकाळीच ते एकमेकांच्या पायात येतील.

वाचलेले पैसे कुठे घालावेत? माझं मत ठाम आहे: एसएसडीतल्या कपॅसिटरवर. बाजारात लॅपटॉपसाठी मिळणारी एसएसडी 'लिहिलं' असं सांगते तेव्हा मजकूर पुष्कळदा तिच्या तात्पुरत्या मेमरीतच असतो. त्या क्षणी वीज गेली की तो जातो, आणि डेटाबेसला मात्र तो लिहिला गेल्याची खात्री असते. सर्व्हरसाठीच्या एसएसडीवर छोटे कपॅसिटर असतात, ते शेवटच्या क्षणापुरती वीज पुरवून मजकूर ठिकाणावर पोचवतात. कोटेशनमध्ये दोन्हींची क्षमता सारखीच दिसते, किंमत मात्र वेगळी, आणि तीन कोटेशनांतलं कमी दराचं निवडायचं म्हटलं की कपॅसिटर गळतो. मागणीपत्रातच 'पॉवर लॉस प्रोटेक्शन' हे शब्द लिहिले नाहीत तर ते मिळणार नाही. अशा दोन डिस्का आरशासारख्या एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या, ईसीसी मेमरी, ऑनलाइन यूपीएस, आणि यूपीएसची बॅटरी संपत आली की सर्व्हरला स्वतःहून नीट बंद करणारं सॉफ्टवेअर. घरगुती इन्व्हर्टर हा यूपीएसचा पर्याय नव्हे. डिस्का सांभाळणाऱ्या रेड (RAID) कार्डातल्या बॅटरीवर भिस्त ठेवायची तर या उन्हात ती लवकर थकते हेही धरून चालावं. सर्व्हरच्या खोलीत हवा १८ ते २७ अंशांत असावी अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. एसी बंद पडला तर बाहेर ४६ असताना बंद खोलीचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. दुसरा एसी हा सर्व्हरचाच भाग समजून त्याच मंजुरीत मागावा. आणि अर्थिंग एकदा तपासून घ्यावं, कारण जूनमध्ये उन्हाची जागा वीज कोसळण्याचं भय घेतं.

आता खिट्टे. स्थलांतरात सगळ्यात जास्त नुकसान जुनी सवय करते. मायसीक्वेलमध्ये डेटाबेससाठीच राखलेल्या यंत्राची पाऊणएक मेमरी बफर पूलला द्यायची रीत आहे, कारण ते आपली मेमरी आपणच सांभाळतं. तोच आकडा पोस्टग्रेसच्या शेअर्ड बफर्सला दिला की गडबड होते. पोस्टग्रेस ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइल कॅशेवरही विसंबून असतं आणि प्रत्येक जोडणीला वेगळी प्रक्रिया उघडतं. ६४ जीबीच्या यंत्रावर शेअर्ड बफर्सला १६ जीबी द्यावेत आणि इफेक्टिव्ह कॅशे साइझला ४५च्या आसपास लिहावं. दुसरा आकडा मेमरी घेत नाही, फक्त विचारणेचा मार्ग ठरवणाऱ्या नियोजकाला अंदाज देतो. काहीच न करता तसंच सोडलं तर शेअर्ड बफर्स १२८ एमबीवर बसलेले असतात, म्हणजे एवढी मेमरी घेऊन तिचा पुरेसा उपयोग होत नाही. वर्क मेम मात्र हात राखून वाढवावं. ते एका माणसामागे मोजलं जात नाही, एका विचारणेतल्या प्रत्येक क्रमवारीमागे (सॉर्टमागे) मोजलं जातं. चाळीस जोडण्या, प्रत्येकीत तीन क्रमवाऱ्या, ६४ एमबी प्रत्येकी: साडेसात जीबी गेले. लिनक्सची मेमरी संपली की तो एखादी प्रक्रिया मारतो, आणि मारताना आधी विचारत नाही.

रँडम पेज कॉस्ट हा खिट्टा बारीक, पण परिणाम मोठा. त्याची मूळ किंमत ४ आहे, फिरत्या डिस्कच्या काळातली. नियोजकाला त्यावरून वाटतं की इंडेक्समधून उड्या मारणं महाग, म्हणून तो बारा लाख ओळी पहिलीपासून वाचत सुटतो. एसएसडी असेल तर ही किंमत १.१ करतात. दहा किलोमीटरच्या आतले वाघ शोधणारी विचारणा कधीकधी एवढ्या एका बदलाने मिनिटांवरून क्षणावर येते. नोंदींची मोठी भरती करताना मॅक्स वॉल साइझ १ जीबीवरून पुष्कळ वाढवावी, इंडेक्स भरतीनंतर बांधावेत आणि शेवटी टेबलांची आकडेवारी गोळा करणारं ॲनलाइझ चालवायला विसरू नये, नाहीतर नियोजक आंधळाच राहतो. एफसिंक, म्हणजे मजकूर डिस्कवर खरंच उतरल्याची खात्री करणं, बंद करून भरती वेगवान होते असा सल्ला ऐकू येतो. तो खरा आहे, पण ते परत चालू करायला माणूस विसरतो. मी तो खिट्टा हातच लावायचा नाही असं म्हणेन. चार तासांचं काम सहा तास चाललं तर काय बिघडतं?

खरी परीक्षा यापुढे, मजकुरात असते. कॅमेऱ्याची बॅटरी काढली की काही मॉडेलांचं घड्याळ मूळपदावर जातं आणि पुढचे सगळे फोटो कुठल्यातरी जुन्या जानेवारीतले होतात. अशा नोंदींत कुणी तारीख रिकामी सोडलेली असते. जुन्या मायसीक्वेलने ती '०००० साल, शून्य महिना, शून्य दिवस' अशी निमूट ठेवून घेतली. पोस्टग्रेस असली तारीख घेत नाही, भरती तिथेच थांबते. पीजीलोडर हे साधन तिच्या जागी 'माहीत नाही' असं लिहून पुढे जाऊ शकतं. सोय चांगली, पण त्याआधी अशा ओळींची यादी काढून बीटावरच्या डायरीशी ताडून बघावी. गणनेचं गणितच मुळी ठरावीक दिवसांच्या खिडकीवर उभं आहे. त्या दिवसांत जंगलातली संख्या बदलली नाही असं ते धरतं, तारीख चुकली की गणित चुकलं.

दुसरी गंमत नावांची. मायसीक्वेल सहसा लहान-मोठी इंग्रजी अक्षरं एकच मानतं. कुणी मोठ्या अक्षरात टी-१२ लिहिलं, कुणी लहान. तिथे ती एकच वाघीण, ताडोबातली प्रसिद्ध माया. पोस्टग्रेस अक्षर बघतं, तिथे त्या दोन वाघिणी होतात. एका रात्रीत वाघांची संख्या वाढवण्याचा हा सगळ्यात सोपा उपाय! गावांच्या नावांचं तर विचारू नका, एकच प्रवेशद्वार मोहर्ली आणि मोहुर्ली या दोन्ही रूपांत सापडतं. त्यात देवनागरीचा अक्षरक्रम पोस्टग्रेस बऱ्याचदा लिनक्सच्या मूळ लायब्ररीकडून उसना घेतं. तो क्रम त्या लायब्ररीच्या २०१८मधल्या २.२८ आवृत्तीत बदलला, आणि जुन्या क्रमाने बांधलेले इंडेक्स नव्या लिनक्सवर नेल्यावर जगभर अनेकांना शोध चुकत असल्याचं दिसलं. नोंद टेबलात असते आणि शोधल्यावर सापडत नाही. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की मजकुराच्या स्तंभांवरचे इंडेक्स नव्याने बांधावेत. अर्ध्या तासाचं काम.

आणखी एक सवय मोडावी लागते. पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की जुनी लगेच पुसली जात नाही, मागे पडून राहते, मग व्हॅक्यूम ती आवरतो. प्राणी ओळखणारं नवं सॉफ्टवेअर आलं आणि कुणी एका फटक्यात बारा लाख ओळींचा 'प्राणी' स्तंभ बदलला, तर टेबल दुपटीने फुगतं. पन्नास-पन्नास हजारांच्या तुकड्यांत करावं.

क्लाउडवर का नेत नाही, असं कुणी विचारेल. वीस एमबीपीएसच्या जोडणीवर अडीच टेराबाइट वर चढवायला अकरा-बारा दिवस लागतात, तेही जोडणी एकदाही न तुटता. गडचिरोलीच्या आतल्या वनपरिक्षेत्रात ही अट पाळली जाईल असं मानणारा माणूस तिकडे गेलेला नाही. पण नोंदींची रोजची वाढ काही एमबीची असते, ती मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनही जाते. म्हणून फोटो इथे, त्यांची दुसरी प्रत डिस्कवर जीपने नागपूरला, आणि नोंदींची जिवंत प्रत जाळ्यावरून तिकडच्या यंत्रावर. वाघ कुठे पाणी पितो हे शिकाऱ्यालाही हवं असतं, तेव्हा जागेचा स्तंभ कुणाला दिसावा याची परवानगी स्थलांतराच्या दिवशीच बांधावी, नंतर ती राहते.

प्रत ठेवली म्हणजे परत मिळते असं नाही. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कंपनीच्या अभियंत्याने चुकून चालू डेटाबेसचाच फोल्डर पुसला. त्यांच्याकडे बॅकअपचे पाच मार्ग होते आणि ऐन वेळी त्यातला एकही धड चालेना. त्यातला एक महत्त्वाचा मार्ग फसला होता, कारण प्रत काढणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा आणि डेटाबेस नव्या आवृत्तीचा होता. सुदैवाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक वेगळी प्रत हाती लागली. त्यांनी ही सगळी हकिकत स्वतःहून जाहीर केली, यासाठी त्यांना मानायला हवं. आपल्या विभागाने दर महिन्याला एकदा प्रत दुसऱ्या यंत्रावर उभी करून त्यातून एक जुनं प्रकरण शोधून बघावं. सीटी-१सारखं, ज्याचं उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक आहे असं.

राहिला मुहूर्त. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचा गाभा पर्यटनासाठी बंद असतो, कॅमेऱ्यांचा मोठा हंगाम सरलेला असतो, उकाडा गेलेला असतो. ऑगस्टचा पहिला पंधरवडा बरा, विजांचा जोर ओसरल्यावर. दोन आठवडे जुनं आणि नवं यंत्र शेजारी चालवावं, त्याच विचारणा दोन्हीकडे टाकाव्यात, ओळींची बेरीज आणि परिक्षेत्रवार वाघांची यादी जुळवावी. जिथे जुळणार नाही तिथे जुनं यंत्र बरोबर असेल असं धरू नये, टी-१२चा घोळ आधीपासून तिथेच असू शकतो. जुना सर्व्हर निर्लेखनाच्या यादीत घालायची घाई लेखा शाखा करेल. त्याला फक्त वाचनासाठी चालू ठेवून पुढच्या उन्हाळ्यातली कार्डं नव्यावर सुखरूप उतरेपर्यंत थांबावं. निर्लेखनाचा प्रस्ताव जूनमध्येही पाठवता येतो.